मंडईपर्यंत रक्त अल्कली करणे

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी, दुकान उघडायच्या आधी.

रोजनिशी सुरू. कारण, मंडई. आपल्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा आणि रात्रीचं नाटक, दोन नोव्हेंबरला ठरली. नाटक ‘पाटलाच्या पोटी पाप’. पाटील अर्थातच मी.

गेल्या वर्षीही मीच होतो. दुसऱ्या अंकात पाटील मुलीला घराबाहेर काढतो, तो मोठा संवाद चालू असताना मध्येच दम तुटला. फक्त खोकला आला होता. कोणाला येत नाही? पण पुढच्या सतरंजीवरून कोणीतरी ओरडला, अबे, पाटलाले पाणी पाजा! तेव्हापासून दुकानात युरियाची बोरी घ्यायला आलेला माणूसही आधी विचारतो, इंद्रकुमारभाऊ, पाणी पाजू का? मी हसून सोडून देतो. आतून जळतो, ती गोष्ट वेगळी.

यंदा संवाद एका दमात म्हणणार. केवळराम गुरुजींची अटच तशी आहे. नाटक तेच बसवतात. रिटायर झाले, पण छडी सुटली नाही. म्हणाले, इंद्रकुमार, एका दमात झाला तर तू, नाही तर टिकाराम. टिकाराम म्हणजे पाटलाचा धाकटा भाऊ, नाटकात. एरवी ट्रॅक्टरवाला. तो म्हणतो, मला पाटलाचाही संवाद पाठ आहे. ज्याला स्वतःच्या ट्रॅक्टरचा नंबर पाठ नाही, त्याचं काय ऐकायचं.

आजपासून : पहाटे उठणे, शेताला पाणी देणाऱ्या नहरापर्यंत चालणे, तंबाखूचा खर्रा बंद.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी.

खर्रा उद्यापासून बंद. आज पुडी आधीच घोटून झाली होती. पानठेलेवाल्याची मेहनत वाया घालवणं बरं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार.

पहिली तालीम. संवाद अर्ध्यावर आला आणि छाती भरून आली. बसलो. गुरुजींनी नुसतं टिकारामकडे पाहिलं. टिकाराम लगेच उठून उभा राहिला. याला म्हणतात माणुसकी!

घरी येऊन दुर्गेश्वरीला सांगितलं की दम लागतो. आपली बायको आहे, काळजी करेल असं वाटलं. ती म्हणाली, अजी, पोट पाहा ना स्वतःचं, ट्रॉलीभर धान भरल्यासारखं. अन् वरून दिवसभर खर्रा. दम नाही लागंल तं काय लागंल?

अशा बाईला शास्त्र काय सांगणार.

७ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी, दुकानात.

कारण सापडलं!

मोबाइलवर एक मेसेज आला. ‘सर्व आजारांचं मूळ एकच, रक्तातलं ॲसिड.’ लक्षणं खाली दिली होती. दम लागणे, थकवा, चिडचिड, जेवल्यावर झोप, बायकोशी न पटणे. (शेवटचं लक्षण मी जोडलं, पण बसतं.) सगळी माझीच. याला ॲसिडोसिस म्हणतात.

आता पीएच काय असतो ते या तालुक्यात माझ्याएवढं कोणाला कळतं? वीस वर्षं कृषी केंद्र चालवतो. माती परीक्षणाचा कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात. सातच्या खाली आकडा म्हणजे जमीन आंबट, सातच्या वर म्हणजे अल्कली. धानाची बांधी आंबट झाली की चुना टाका, पीक सुधारतं. मग माणूस काय वेगळा आहे? मातीतूनच आला, मातीतच जाणार.

फवारणीचं पाणी तपासायच्या पीएच पट्ट्या दुकानात आहेतच. एक घेऊन मागे गेलो आणि लघवीवर लावून पाहिली.

साडेपाच.

खरं सांगतो, दुसरी पट्टी लावली, तीही साडेपाच. गावातल्या कुठल्याच बांधीचा आकडा इतका वाईट नाही. या माणसाला आतापर्यंत कोणी जिवंत कसं ठेवलं!

८ ऑक्टोबर, बुधवार.

उपचार ठरला. मंडईपर्यंत रक्त अल्कली करणे. आंबट बंद. टमाटर, चिंच, कढी, अंबाडी, सगळं बंद. सकाळी उपाशीपोटी खाण्याचा सोडा पाण्यातून.

लिंबू मात्र चालू. मेसेजमध्ये लिहिलं आहे की लिंबू बाहेर ॲसिड आणि पोटात गेल्यावर अल्कली. कसं, ते दिलेलं नाही. पण इतक्या लोकांनी फॉरवर्ड केलं, खोटं कसं असेल.

रेणूला फोन केला. आपली पोरगी गोंदियाला नर्सिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला. म्हटलं ऐकून खूश होईल. ती म्हणाली, बाबा, रक्ताचा पीएच सात पूर्णांक पस्तीस ते पंचेचाळीस, एवढ्यातच राहतो. शरीर तो हलू देत नाही. लघवी आंबट आली म्हणजे किडनी जास्तीचं ॲसिड बाहेर टाकते आहे, तिचं काम चोख चालू आहे. घर झाडून कचरा उकिरड्यावर टाकला, तर उकिरडा पाहून घर घाण आहे म्हणाल का? आणि खरा ॲसिडोसिस झालेला माणूस आयसीयूत असतो, नाटकाच्या तालमीला जात नाही.

फी भरली मी आणि आता हे ऐकायचं. तिला म्हटलं, तुमचं पुस्तक वेगळं, आमचा अनुभव वेगळा. मातीचा आकडा हलतो तर रक्ताचा का नाही हलणार?

ती म्हणाली, बाबा, मातीला किडनी नसते.

शेतकी शाळेत एक दिवस बसली नाही, आणि मातीवर बोलते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

आजची तारीख सोन्यानं लिहायला पाहिजे.

दुपारी सहज विचार करत बसलो होतो. खर्रा कालपासून परत चालू आहे, कारण एकदम बंद केल्यानं शरीराला धक्का बसतो. खर्रा चघळता चघळता डोक्यात वीज चमकली. खर्र्यात काय असतं? सुपारी, तंबाखू आणि चुना. चुना! अल्कली! लगेच पट्टी काढून जिभेवर लावली. पट्टी गर्द निळी. नऊच्या वर!

म्हणजे इतकी वर्षं सगळा गाव ज्याला व्यसन म्हणत होता, तोच माझा उपचार होता. खर्रा होता म्हणून आतापर्यंत तगलो, नाही तर त्या साडेपाचानं केव्हाच संपवलं असतं. पानठेलेवाल्याला चुना जरा जास्त घालायला सांगितला. तो म्हणाला, भाऊ, जीभ फाटंल. मी म्हटलं, तू घोट.

दुर्गेश्वरीला निळी पट्टी दाखवली. तिनं पट्टी पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाली, उद्या म्हणसान, दारूत पाणी असते, म्हणून प्याले पाहिजे.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

जीभ फाटली. तालमीत ‘कुलक्षणे’ म्हणता येईना, ‘कुलत्थणे’ येत होतं. गुरुजींनी विचारलं, काऊन रे, तोंडात काय ठेवून राहिला? उपचार चालू आहे म्हटलं.

एक बरं झालं. टिकारामला आज ट्रॅक्टरचं काम होतं, आला नाही. देव पाहतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

सोड्याचा परिणाम दिसू लागला. पोट गच्च आणि ढेकर मोठे. मेसेजप्रमाणे ढेकर म्हणजे ॲसिड बाहेर पडणं, म्हणजे चांगलंच.

आज तालमीला मुलीचं काम करणारी बाई पहिल्यांदा आली. दामिनी. बाहेरून मानधनावर आणली आहे, या सीझनमध्ये तिची वीस-पंचवीस गावं ठरलेली असतात. हुशार बाई. पायाशी पडून रडायला लागली तेव्हा मला खरंच भरून आलं. म्हटलं, हाच क्षण. छाती फुगवली, हात वर केला, ‘अगं कुलक्षणे, आजपासून या घरात तुझं नाव...’ इथपर्यंत आलो आणि ढेकर आला. लांब. तालमीच्या शेडमध्ये घुमला.

दामिनी रडायची थांबली. तिनं नम्रपणे विचारलं, दादा, हे संवादातच आहे का?

टिकाराम खाली बसून हसत होता. त्याचं वय पंचेचाळीस, अक्कल पाचाची.

सोडा बंद. शरीराला जेवढा पाहिजे होता तेवढा मिळाला असावा.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळी.

चालणं अजून सुरू व्हायचं आहे. पावसानं नहराचा रस्ता खराब आहे. पाऊस थांबून बरेच दिवस झाले, पण रस्ता एकदा खराब झाला की झाला.

मेसेजप्रमाणे गोड आणि तळलेलं ॲसिड करतं. म्हणून फराळाला हात लावला नाही. अनारसे सोडून. अनारशावर खसखस असते, आणि खसखशीबद्दल मेसेजमध्ये काहीही लिहिलेलं नाही.

रेणू सुट्टीवर आली आहे. माझी जीभ पाहून ओरडली. मग आईच्या बाजूनं बसून दोघींनी माझी शाळा घेतली. रेणू म्हणाली, बाबा, तुम्ही एवढं लिंबू, सोडा, चुना पोटात घातला, रक्ताचा पीएच केसभर हलला नसेल. रक्तात बायकार्बोनेट असतं, ते ॲसिड आलं की पकडतं. किडनी आपल्या परीनं, आरामात, दिवसभर काम करते. आणि फुप्फुसं तर श्वासागणिक. श्वास सोडला की कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे रक्तातलं ॲसिडच कमी होतं असं समजा.

बाकी काही ऐकलं नाही. शेवटचं वाक्य मात्र पकडलं.

श्वास सोडला की ॲसिड जातं! एवढी साधी गोष्ट, आणि मी जीभ भाजून घेत बसलो. मग तिला विचारलं, जास्त सोडला तर जास्त जातं का? ती चकली खात होती. म्हणाली, हो, जातं, पण... पुढे काही तरी म्हणाली. दुर्गेश्वरीनं मिक्सर लावला होता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

नवीन उपचार सुरू. जोरजोरात, भराभर श्वास सोडणे. लोहाराच्या भात्यासारखा. खर्च शून्य, पथ्य शून्य. हे आधीच का कोणी सांगितलं नाही?

सकाळी खोलीत दार लावून करत होतो. दुर्गेश्वरीनं दार ढकललं, हातात काठी. म्हणाली, अजी, तुमी फुसफुसून राहिले का? मले वाटलं घरात साप शिरला.

२६ ऑक्टोबर, रविवार.

प्रगती जोरात. भराभर श्वास केला की थोड्या वेळानं बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात आणि डोकं हलकं होतं. म्हणजे अल्कली पार टोकापर्यंत पोचला. पहिल्यांदाच उपचार लागू पडतो आहे हे शरीर स्वतः सांगतं आहे.

तालमीत संवाद एका दमात झाला! मधली सहा वाक्यं राहिली, पण ती तशीही लांबण लावतात. गुरुजी म्हणाले, इंद्रकुमार, मंडईत पूर्ण पाहिजे. बापाचं काळीज त्या सहा वाक्यांतच आहे, बाकी तं नुसती शिवीगाळ आहे.

दुकानात तुडतुड्यावरचं औषध घ्यायला शेतकरी आले होते. एकालाही पाणी पाजू का म्हणायची हिंमत झाली नाही. एकानं विचारलं, पण तो खरंच तहानलेला होता.

१ नोव्हेंबर, शनिवार.

उद्या मंडई. रहाटपाळणा आला, जिलबीवाले आले. पाहुण्यांनी घर भरलं आहे. साळे, साळ्या, गोरेगावची मावससासू, सगळे पुढच्या सतरंजीवर बसणार. गेल्या वर्षी हेच लोक माना खाली घालून उठून गेले होते. मावससासू तर जेवायलाही थांबली नव्हती.

लिहितो, कारण इथं कोणी वाचत नाही : भीती वाटते. परत तसं झालं तर या गावात दुकान चालवता येईल, पण तोंड वर करून बसता येणार नाही. दुर्गेश्वरी वर्षभर कोणापुढे एक शब्द बोलली नाही त्याबद्दल. मला टोमणे मारते, पण बाहेर कोणी हसलं की भांडायला उठते. तिच्यासाठी तरी उद्या झालं पाहिजे.

२ नोव्हेंबर, रविवार. मंडई. निघायच्या आधी.

मिशी लावली. फेटा बांधला. पहिल्या अंकात पाटलाला काही काम नाही, नुसतं सुपारी कातरत बसायचं. मग मध्यंतर. मध्यंतरात पडद्यामागे भरपूर श्वास सोडून रक्तातलं सगळं ॲसिड काढून टाकणार. थोडंसुद्धा ठेवायचं नाही. मग एका दमात संवाद. टिकारामनं रिकामं तोंड घेऊन घरी जावं.

दुर्गेश्वरीनं निघताना पाठीवर हात ठेवला. तिचं असं असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार.

जसं झालं तसं लिहितो.

मध्यंतरात पडद्यामागे श्वास सुरू केला. बराच वेळ केला. गुरुजी येऊन म्हणाले, कायले इतका घाबरून राहिला बे? त्यांना काय सांगणार. ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या. म्हटलं, अल्कली तयार.

पडदा वर गेला. दामिनी पायाशी पडली. मी हात वर केला. हात वर गेला आणि तिथंच राहिला. बोटं आपोआप एकत्र आली, ताठ झाली, मनगट खाली वळलं, जणू चिमटीत मीठ धरलं आहे. खाली आणायला दुसरा हात उचलला, तर त्याचंही तसंच. तोंड उघडलं, ‘अगं कु’ एवढंच निघालं. पुढचं ओठांनी अडवून धरलं. डोळ्यांपुढे सगळे दिवे फिरायला लागले. मी खुर्चीत बसलो नाही, पडलो.

मला दिसलं, मावससासू पिशवी उचलत होती. म्हटलं, संपलं.

तेवढ्यात दामिनी उठली. माझा तो वाकडा हात दोन्ही हातांत धरला आणि अशी किंकाळी फोडली की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. बाबा! माह्या पापानं माह्या बाबाले लकवा मारला! अन् छातीवर डोकं आपटून रडायला लागली. हे नाटकात नाही. बाईनं जागच्या जागी रचलं. टिकाराम पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, दादा, तू बोलू नको, तुझ्या मनातलं मी बोलतो. आणि माझा पूर्ण संवाद म्हटला. एका दमात. त्या सहा वाक्यांसकट.

खरंच पाठ होता त्याला.

मी खुर्चीत हात वाकडे करून रडत होतो. लाजेनं. बाया मांडवात पदर लावून रडत होत्या. मावससासूनं पिशवी खाली ठेवली.

पडदा पडल्याबरोबर रेणू धावत आली. तिनं माझे हात पाहिले आणि काय झालं ते तिला लगेच कळलं. म्हणाली, बाबा, माझ्याकडे पाहा, हळू श्वास घ्या, अजून हळू, थांबा, आता सोडा. थोड्या वेळात बोटं सुटली. मग मात्र भडकली. म्हणाली, दिवाळीला हेच सांगत होते, पण जास्त सोडला तर रक्त खरंच अल्कली होतं, आणि मग हात आखडतात, चक्कर येते. महिनाभर लिंबू, सोडा, चुन्यानं जे झालं नाही ते तुम्ही मध्यंतरात करून दाखवलं.

तर रक्त अल्कली झालं होतं. ठरवल्याप्रमाणे, मंडईपर्यंत. हे कोणाला सांगताही येत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

हट्ट करून गोंदियाला गेलो, रक्ताचा पीएच काढून घेतला. मनगटातल्या नाडीतून रक्त काढतात. ओरडलो. आकडा आला सात पूर्णांक एक्केचाळीस. डॉक्टर म्हणाले, एकदम नॉर्मल. मी विचारलं, आणि महिन्यापूर्वी? ते म्हणाले, तेव्हाही हाच असणार. मग दम कशाचा लागतो? डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, दातांकडे पाहिलं आणि म्हणाले, वजन कमी करा, खर्रा सोडा, उद्यापासून चाला.

दुर्गेश्वरी शेजारीच बसली होती. गोंदिया ते आमगाव बसमध्ये नुसती खिडकीबाहेर पाहून हसत होती.

म्हणजे महिनाभर मी घातलेलं लिंबू, सोडा, चुना, खसखस, सगळं माझं शरीर गुपचूप निस्तरत होतं. एवढं कामसू कोणी माझ्या दुकानात नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार.

सकाळी केवळराम गुरुजी घरी आले. सोबत टिकाराम, हातात पेढे. मला वाटलं, माफी मागायला आले. तर गुरुजी खुर्चीत बसून म्हणाले, इंद्रकुमार, नाटकानं असं यश कधी पाहिलं नाही. तीन गावांतून बोलावणं आलं. सगळ्यांना लकव्याचा सीनच पाहिजे. तेव्हा नाटक थोडं बदलतो. पाटलाला आता पहिल्या अंकातच लकवा. संवाद सगळे टिकाराम म्हणेल. तुझ्यासारखा लकवेवाला पाटील या भागात दुसरा नाही.

मी विचारलं, मग मला काय काम?

गुरुजी म्हणाले, काही नाही बाप्पा, तीन अंक खाटेवर पडून नुसता हळूहळू श्वास घ्यायचा.

दुर्गेश्वरी चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, गुरुजी, तेच तं आमच्या ह्यायले जमत नाही जी, दुसरं काही द्या.